प्रत्येक कामाला दुसरा हात : सिकलसेल रुग्ण-पालकांची संस्था उभारण्याची आणि टिकवण्याची रीत

ज्यांच्या घरात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे, तीच माणसे बहुधा सिकलसेलची संस्था काढतात. अध्यक्ष स्वतः एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, असतो, सचिवाचे मूल एसएस असते, कोषाध्यक्षाला दर काही आठवड्यांनी मुलीला रक्त चढवण्यासाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. भजनी मंडळ किंवा क्रीडा मंडळ चालवण्याची रीत इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही, कारण ज्या आठवड्यात थंडी वाढते त्याच आठवड्यात मदतीचे फोन वाढतात आणि फोन घेणारा माणूसही त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळलेला असतो. विदर्भातल्या एका तालुक्यात मी गेली अकरा वर्षे अशा संस्थेत काम करते आहे आणि सध्या तिची सचिव आहे. माझा धाकटा मुलगा एसएस आहे. ज्यांना आपल्या भागात अशी संस्था सुरू करायची आहे, किंवा सुरू असलेली डगमगू लागली आहे, त्यांच्यासाठी आमच्या चुका आणि त्यांतून बसलेली घडी इथे क्रमाने मांडते आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा आयुष्यभर सोबत राहणाऱ्या इतर आजारांच्या पालकांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

पहिली चूक आधी सांगते. चौथ्या वर्षी डिसेंबरात आमच्या बँक खात्यावर तीन सह्या होत्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोन चालत असत. कोषाध्यक्षांना क्रायसिस, म्हणजे या आजारातला तीव्र वेदनेचा झटका, आला आणि ते मेडिकल कॉलेजात दाखल झाले. त्यानंतर चौथ्या दिवशी अध्यक्षांना ताप चढला. तिसऱ्या सहीचे गृहस्थ सहा महिन्यांपूर्वीच राजीनामा देऊन नोकरीनिमित्त परगावी गेले होते, आणि त्यांच्या जागी नवे नाव लावण्याचे काम आम्ही ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणून ठेवून दिले होते. खात्यात बावीस हजार रुपये होते. एका मुलाला रात्री नागपूरला न्यायचे होते आणि गाडीचे भाडे आम्ही शेजारच्या किराणा दुकानदाराकडून उसने घेतले. त्या रात्रीनंतर संस्थेने एक नियम केला, तो असा की, सही असो, फोन असो, चावी असो की माहिती असो, संस्थेतले कोणतेही काम एकाच माणसाच्या हाती राहता कामा नये. आम्ही याला ‘दुसरा हात’ म्हणतो. पुढचे सगळे टप्पे याच नियमाभोवती आहेत.

नोंदणीच्या आधी माणसे ठरवा

बहुतेक जण नोंदणीपासून सुरुवात करतात. माझ्या मते किमान सहा महिने नोंदणीशिवाय एकत्र काम करून पाहावे. दर महिन्याला कोण येतो, कोण निरोप देऊन गैरहजर राहतो आणि कोण निरोप न देताच गायब होतो, हे या काळात कळते. निरोप देऊन गैरहजर राहणारा माणूस आपल्या कामाचा असतो. आजार असलेल्या घरातून दर वेळी हजेरीची अपेक्षा करणे चुकीचे आहे. निरोपाची अपेक्षा मात्र ठेवता येते.

कार्यकारिणीत रुग्ण आणि पालक बहुसंख्य असावेत, पण सगळेच तसे असू नयेत. ज्यांच्या घरी हा आजार नाही अशी किमान दोन माणसे हवीत, म्हणजे थंडीच्या लाटेत संस्थेचा दरवाजा उघडा राहील. निवृत्त शिक्षक, पोस्टातले किंवा सहकारी संस्थेतले निवृत्त कारकून, प्रयोगशाळेत काम केलेली व्यक्ती, अशी माणसे शोधावीत. हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची सवय असलेला एक मनुष्य दहा उत्साही भाषणांपेक्षा अधिक उपयोगी ठरतो, हे मी अनुभवाने सांगते. प्रौढ एसएस रुग्ण कार्यकारिणीत असणे अत्यावश्यक आहे. पालक मुलाच्या वतीने बोलतात, पण नोकरी, लग्न, बाळंतपण आणि वेदनेची औषधे मागताना डॉक्टरांच्या नजरेत दिसणारा संशय, हे विषय प्रौढ रुग्णच नीट मांडू शकतात.

डॉक्टरांना अध्यक्ष करू नये. हे अनेकांना पटत नाही, कारण डॉक्टरांच्या नावाने संस्थेला वजन येते. परंतु सरकारी डॉक्टरांची बदली होते, खासगी डॉक्टरांना वेळ नसतो, आणि ज्या रुग्णालयात औषध मिळत नाही म्हणून आपण तक्रार करणार, त्याच रुग्णालयातला अधिकारी आपला अध्यक्ष असेल तर तो आणि आपण दोघेही अडचणीत येतो. डॉक्टरांना सल्लागार म्हणून घ्यावे, त्यांचा मान ठेवावा, आणि निर्णय रुग्णांच्या हाती ठेवावा.

आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक पाळावी. आपल्याकडे सिकलसेल गोंड, परधान, माडिया, हलबा या आदिवासी समाजांत आहे, अनुसूचित जातींत आहे आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. संस्था एकाच समाजाची दिसू लागली की बाकीचे लोक तपासणीलाही येत नाहीत. कार्यकारिणीची यादी लिहून झाल्यावर ती या दृष्टीने एकदा वाचावी, आणि गडचिरोलीसारख्या भागात काम असेल तर गोंडी किंवा माडिया बोलणारी व्यक्ती नुसती दुभाषी म्हणून न बोलावता पदावर घ्यावी.

दुसरा हात प्रत्यक्षात कसा ठेवावा

अध्यक्षाला उपाध्यक्ष, सचिवाला सहसचिव आणि कोषाध्यक्षाला सहकोषाध्यक्ष ही पदे नियमावलीत आधीपासून असतातच. पण ती शोभेची राहतात, कारण सहसचिवाला सचिवाच्या डोक्यातले काहीच ठाऊक नसते. यावर उपाय म्हणून आम्ही एक वही ठेवतो. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची साधी वही. प्रत्येक पानावर चार रकाने आहेत: काम कोणते, कोठवर आले, पुढची तारीख कोणती, कोणाशी बोलायचे. मागच्या जानेवारीतल्या एका पानावर असे लिहिलेले आहे: ‘दिव्यांग प्रमाणपत्र, बारावीतली मुलगी. अर्ज भरला. तपासणी बुधवारी. वडिलांना मंगळवारी संध्याकाळी फोन, जुने रक्त-अहवाल सोबत आणायला सांगणे.’ मंगळवारी मी स्वतः मुलाला घेऊन रुग्णालयात होते. सहसचिवांनी वही उघडली, फोन केला आणि मुलीची तपासणी वेळेवर झाली. त्या पानावर मुलीचे नाव नाही, नुसता नोंदणी क्रमांक आहे. त्याचे कारण पुढे येईल.

दर रविवारी रात्री आठ वाजता सचिव आणि सहसचिव दहा मिनिटे फोनवर बोलतात आणि वहीतल्या उघड्या नोंदी वाचून दाखवतात. दोघांपैकी एक आजारी असेल तर तो तीनच शब्द कळवतो: ‘या आठवड्यात नाही.’ यापलीकडे कारण विचारायचे नाही, हाही आमचा नियम आहे. आजारी माणसाला आपल्या आजारपणाचा खुलासा करावा लागू नये, आणि आपण जबाबदारी टाळली असेही वाटू नये, यासाठी हे शब्द मुद्दाम ठरवून घेतले. ईमेलचे आणि आयकराच्या संकेतस्थळाचे पासवर्ड बंद पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून, घरी आजार नसलेल्या एका विश्वस्ताकडे ठेवावेत आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे.

नोंदणी आणि सह्या

महाराष्ट्रात सर्वसाधारण मार्ग असा की, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवावी आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात तिची विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद करावी. नुसता न्यास (ट्रस्ट) स्थापन करता येतो. पण न्यासाचे विश्वस्त बहुधा वर्षानुवर्षे तेच राहतात आणि संस्थेत निवडणूक घेऊन माणसे बदलता येतात. आपल्या कामात माणसे बदलावीच लागतात, म्हणून मी संस्थेची शिफारस करते. नियमावली लिहिताना दुकानात मिळणारा छापील नमुना तसाच उचलू नये. त्यात किमान तीन गोष्टी आपल्या हाताने घालाव्यात: पदाधिकारी सलग साठ दिवस काम करू शकला नाही तर त्याचे अधिकार त्याच्या ‘सह’ पदाधिकाऱ्याकडे आपोआप जातील आणि बरा झाल्यावर परत येतील, फोनवरून बैठकीत भाग घेणाऱ्याची उपस्थिती धरली जाईल, आणि कोणीही एका पदावर सलग सहा वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही. ही शेवटची अट मला स्वतःला लागू झाली, आणि मधली तीन वर्षे मी सहसचिव होते. त्या तीन वर्षांत संस्थेने अधिक काम केले.

विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करावा लागतो. यात दिरंगाई झाली की तिचा फटका पुढे बँकेत बसतो, कारण बँक सहीदार बदलताना ठरावाबरोबर परिशिष्ट १ चा उतारा मागते आणि त्यावर जुनीच नावे असतात. राजीनामा स्वीकारला त्याच बैठकीत बदल अर्ज कोण भरणार, हे इतिवृत्तात नावानिशी लिहावे. खात्यावर चार सह्या ठेवाव्यात, कोणत्याही दोन चालाव्यात, आणि त्या चारांपैकी एकाच घरातले दोघे नसावेत. प्रवासासाठी पाच हजारांची किरकोळ रोकड दोन वेगवेगळ्या घरी विभागून, पावतीसह ठेवावी.

आयकरातील नोंदणी, म्हणजे ज्यांना आपण १२अ (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखतो त्या, सनदी लेखापालाकडून करून घ्याव्यात आणि त्यांच्या मुदती वहीत टाकाव्यात, कारण त्या आता ठराविक वर्षांपुरत्याच असतात. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावतीपुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवावे. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्यानंतर लेखापरीक्षण असते; हे काम मे महिन्यातच उरकावे, पावसाळ्यात तापाची साथ सुरू झाल्यावर व्हाउचर शोधत बसू नये.

बैठक केव्हा आणि कशी घ्यावी

थंडी, अंगातले पाणी कमी होणे, ताप आणि अतिश्रम यांनी क्रायसिस ओढवतो. विदर्भात डिसेंबर-जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार हे दोन्ही वाईट. वार्षिक सर्वसाधारण सभा आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात घेतो: लेखापरीक्षण झालेले असते, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि थंडी पडायची असते. सभा सकाळी अकराच्या पुढे ठेवावी, म्हणजे खेड्यांतून येणाऱ्यांना पहाटेची एसटी धरावी लागत नाही. सतरंजीबरोबर पाठीला लोड ठेवावेत, पिण्याचे पाणी माठातले गार नसावे, आणि एका खोलीत दोन गाद्या अंथरून ठेवाव्यात. कोणी मधेच उठून जाऊन आडवे झाले तर बोलणाऱ्याने थांबू नये.

कार्यकारिणीची मासिक बैठक पाऊण तासाची असावी. विषयपत्रिकेत चारपेक्षा जास्त विषय घेऊ नयेत आणि पैशांचा विषय पहिला घ्यावा, शेवटी सगळे थकलेले असताना नव्हे. रोजंदारी करणाऱ्या सभासदाला बैठकीला येण्याचा खर्च द्यावा. मोबदला आणि खर्चाची भरपाई या वेगळ्या गोष्टी आहेत: नियमावलीत तरतूद नसताना विश्वस्ताला मोबदला देऊ नये, पण बसभाडे तिकीट घेऊन द्यावे. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत तो ‘काम होते’ असे सांगून गैरहजर राहतो, आणि मग संस्था फक्त गावातल्या नोकरदारांची होऊन बसते.

यादी आणि गुप्तता

सिकलसेलच्या संस्थेजवळची सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे तिची यादी. एएस म्हणजे वाहक. त्याला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. परंतु आई आणि वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हे ज्ञान लग्नाआधी कामाचे आहे, आणि हेच ज्ञान चुकीच्या कानी पडले की मुलीचे लग्न मोडते, दोष तिच्या एकटीच्या माथी येतो आणि मुलाकडची बाजू तपासणीही करत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासण्या वाढल्या तशा गावोगावी याद्याही वाढल्या. संस्थेने आपली यादी दोन भागांत ठेवावी: एका वहीत नाव आणि क्रमांक, दुसरीत क्रमांक आणि पॅटर्न, म्हणजे एसएस की एएस. दोन वह्या दोन घरी. बैठकीत, पत्रात, फोनच्या ग्रुपवर फक्त क्रमांक वापरावा. ग्रुपमध्ये सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात, म्हणून ग्रुपमध्ये घेण्याआधी प्रत्येकाला प्रत्यक्ष विचारावे, आणि ग्रुपच्या नावात ‘सिकलसेल’ हा शब्द घालू नये. फोन घरात सर्वांच्या हाती असतो. मुलांचे फोटो देणगीच्या पत्रकावर छापू नयेत. पालकांनी होकार दिला तरी नाही, कारण आठ वर्षांचे मूल पुढे अठरा वर्षांचे होते आणि ते पत्रक कोणाच्या तरी घरी शिल्लक असते.

याच यादीच्या संदर्भात आमच्याकडून घडलेली एक गोष्ट मला आजही झोपेतून जागे करते. लसीकरणाच्या आठवणीचा संदेश आम्ही एकदम सगळ्या पालकांना पाठवत असू. चार महिन्यांपूर्वी जिची मुलगी गेली होती, त्या आईलाही तो गेला: ‘आपल्या पाल्याची न्यूमोकोकल लस बाकी आहे.’ तिने उत्तर दिले नाही. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो तेव्हा तिने चहा ठेवला आणि म्हणाली, ‘ताई, नाव काढू नका, नुसता तो निरोप बंद करा.’ तेव्हापासून मृत्यूची बातमी कळली त्याच दिवशी आठवणींच्या यादीतून क्रमांक काढायचा आणि सभासदांच्या यादीत नाव तसेच ठेवायचे, हे एका ठराविक माणसाचे काम आहे, आणि त्यालाही अर्थात दुसरा हात आहे.

औषधाचा पाठपुरावा: एक पूर्ण उदाहरण

हक्कांचे काम म्हटले की लोकांना मोर्चा आठवतो. आमच्या कामाचा मोठा भाग मात्र एका कॅप्सूलमागे गेला आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्याने वेदनेचे झटके कमी होतात. पण ते नियमितच मिळावे लागते, आणि घेताना रक्तपेशींची तपासणी वेळोवेळी करावी लागते. ग्रामीण रुग्णालयात ते संपले की पालक दोन महिने वाट पाहतात, मग मूल दाखल होते. तुमच्याकडे असे घडत असेल तर पुढील क्रमाने जावे.

आधी पुरावा गोळा करावा. ज्या पालकाला औषध मिळाले नाही, त्याने केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेले औषध आणि औषध-खिडकीवर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घ्यावा. शेरा देत नसतील तर तारीख, वेळ आणि खिडकी क्रमांक त्याच कागदाच्या मागे स्वतः लिहावा. असे दहा कागद जमले की तक्रार एका घरापुरती उरत नाही. औषधनिर्मात्यावर रागावू नये. बहुतेक वेळा त्यानेच मागणीपत्र पाठवलेले असते आणि पुढे काय झाले हे त्यालाही कळलेले नसते.

मग रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना एक पानी पत्र द्यावे. एका पत्रात एकच मागणी. खाली अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या, आणि दुय्यम प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर तेच पत्र, पोचेची प्रत जोडून, जिल्हा शल्यचिकित्सकांना. त्यानंतर आरोग्य उपसंचालकांना. पायरी सोडून एकदम मंत्र्यांकडे गेल्यास पत्र फिरत फिरत पुन्हा खालीच येते आणि मधल्या अधिकाऱ्याचे मन दुखावलेले असते.

याच काळात माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज टाकावा. हा अर्ज नागरिकाने करायचा असतो, म्हणून तो संस्थेच्या नावे न करता एका सभासदाच्या नावे करावा. शक्यतो ज्याच्या घरी रुग्ण नाही त्याच्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे व्यथा लिहू नये, कागद मागावेत. आमचा प्रश्न असा होता: ‘मागील बारा महिन्यांत हायड्रॉक्सियुरिया ५०० मिलिग्रॅम कॅप्सूलची महिनानिहाय मागणी, प्राप्त साठा, वितरण आणि महिनाअखेरची शिल्लक दर्शवणाऱ्या नोंदींच्या प्रती.’ ‘औषध का मिळत नाही?’ असे विचारले असते तर काहीच हाती लागले नसते. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि तेही निष्फळ ठरल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आलेल्या कागदांत आम्हाला दिसले की मागणीच वर्षाच्या सुरुवातीला जुन्या रुग्णसंख्येवर केली होती आणि तपासणीत सापडलेले नवे रुग्ण तिच्यात धरलेलेच नव्हते. दोष कोणा एकाचा नव्हता, आकडा जुना होता. आम्ही नवा आकडा लेखी दिला आणि पुढच्या तिमाहीत साठा वाढला.

लहान मुलांचा प्रश्न यातून सुटत नाही. सर्रास मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते आणि दहा किलोच्या मुलाचा डोस तिच्यात बसत नाही. घरी कॅप्सूल उघडून अंदाजाने पूड देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. बालकांच्या मात्रेचे औषध मागणे, ही आपल्या संस्थांनी एकत्र येऊन लावून धरण्याची गोष्ट आहे.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते आणि तेव्हा आपला विषय सभागृहात जावा असे सर्वांना वाटते. तारांकित प्रश्नासाठी आमदारांना कागद अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, दिवाळीच्या सुमारास द्यावेत, आणि तेही दोन पानांत. डिसेंबरच्या थंडीत एसएस रुग्णांना मोर्चात आणू नये, मग गर्दी कमी दिसली तरी चालेल. पालक जावेत, वाहक जावेत, मित्र जावेत.

रुग्णांनी अभ्यास करून लढल्यास काय घडते, याचे एक उदाहरण कार्यकर्त्यांना मी नेहमी सांगते. क्षयाच्या औषधांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी बेडाक्विलिन या क्षयावरील औषधाची मक्तेदारी वाढवून मागणाऱ्या पेटंट अर्जाला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. नागपूरचे संपत रामटेके यांना सिकलसेलच्या सामाजिक कामासाठी २०१८ साली पद्मश्री मिळाली, हे तर आपल्या घरचेच उदाहरण आहे.

हक्क माहीत असणे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश आहे. अडचण टक्केवारीची आहे. अनेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात, आणि हा आजार येतो-जातो. तपासणीच्या दिवशी मूल चालत आले तर कागदावर ते बरे दिसते. म्हणून दाखल झाल्याचे प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद एका फाइलीत वर्षवार लावायला पालकांना शिकवावे. संस्थेने वर्षातून एक रविवार फक्त फाइली लावण्यासाठी ठेवावा. पंच मशीन, दोरी आणि पुठ्ठे संस्थेचे. या तिन्ही आजारांच्या रुग्णांना रक्तपेढीने प्रक्रिया शुल्क न घेता रक्त द्यावे, असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे निर्देश आहेत. त्यांची छापील प्रत प्रत्येक फाइलीच्या पहिल्या पानाला लावावी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, हेही खेड्यांतल्या फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

सल्ल्याची हद्द

फोन घेणाऱ्या कार्यकर्त्याने औषध सुचवू नये, डोस सांगू नये, आणि साठा संपला असता एका घरातल्या कॅप्सूल दुसऱ्या घरी पोचवू नयेत. हा शेवटचा मोह फार मोठा असतो, मलाही झाला आहे. पण रक्तपेशी तपासल्याशिवाय ते औषध देणे धोक्याचे आहे. फोनशेजारी भिंतीवर आम्ही पाच ओळी लावल्या आहेत: ताप १०१ फॅरनहाइट किंवा अधिक, छातीत दुखणे किंवा धाप, हातपाय अचानक लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे, लहान मूल एकाएकी पांढरेफटक पडून पोट फुगणे, पुरुषांत लिंगाची वेदनादायक ताठरता न उतरणे. यांपैकी काहीही ऐकले की एकच उत्तर: आत्ता रुग्णालयात, आम्ही गाडी पाहतो.

पैसा कोणाचा घ्यावा

औषध कंपनीचा निधी घ्यायचा की नाही, याचा ठराव प्रस्ताव येण्यापूर्वीच करून ठेवावा. आम्ही घेत नाही. घ्यायचाच असेल तर रक्कम वार्षिक अहवालात छापावी, एका कंपनीचा वाटा मर्यादित ठेवावा आणि तिच्या औषधाविषयी संस्थेच्या नावाने काहीही बोलू नये. सिकलसेलचे व्हॉक्सेलोटर हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले, त्याचे कौतुक झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. एखाद्या रुग्णसंस्थेने त्याची भलामण केली असती, तर पालकांना तोंड कसे दाखवले असते?

परदेशातील मराठी मंडळी मदत करू इच्छितात. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. पण त्याच व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर धरली जाते आणि त्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते. म्हणून देणगी घेण्याआधी नागरिकत्व लेखी विचारावे. नाते जवळचे असले तरी विचारावे.

पद सोडताना

जाणाऱ्या पदाधिकाऱ्याने निवडणुकीनंतर तीन महिने नव्या माणसाबरोबर वही चालवावी: पहिल्या महिन्यात जुन्याने लिहावे आणि नव्याने वाचावे, दुसऱ्यात नव्याने लिहावे, तिसऱ्यात जुन्याने फक्त रविवारचा फोन घ्यावा. बदल अर्जाची पोच, बँकेचा सहीबदल, पासवर्डचे नवे पाकीट, शिक्के, पावतीपुस्तकांचे शेवटचे क्रमांक आणि कपाटाच्या दोन्ही चाव्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात, आणि ती यादी त्याच दिवशी इतिवृत्तात चिकटवावी. आमच्याकडे कपाटाची दुसरी चावी सध्या त्याच किराणा दुकानदाराकडे असते. तो आता संस्थेचा सहकोषाध्यक्ष आहे.